तेजूचं पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तेजूला ओळखत नाही.

तेजू आणि मी जर्मनीत श्टुडिएनकोलेगला भेटलो. बारावीनंतर आलेल्या परदेशी मुलांना इथे वर्षभर तिथे तयारी करावी लागते, मगच विद्यापीठाचं दार उघडतं. आम्हा दोघींनाही गणित आणि अर्थशास्त्र हवं होतं. मी तिला गणित शिकवायचे, ती माझं जर्मन सुधारायची. आखनच्या विद्यापीठालाच अर्ज करायचा, एकत्र राहायचं — हे ठरलं होतं. तिनेच ठरवलं होतं!

त्या उन्हाळ्यात ती सुट्टीतल्या कामासाठी लुडविग्सहाफेनला गेली. जाताना पत्रपेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "काही आलं तर उघड आणि फोटो पाठव गं." इथे अजूनही महत्त्वाचं सगळं कागदावरच येतं.

आणि एक पत्र आलं. आखनचं नव्हे. दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचं — गणित-अर्थशास्त्राला प्रवेश मंजूर, दोन आठवड्यांत होकार कळवा.

तिने मला न सांगता तिकडे अर्ज केला होता. माझ्या शेजारी बसून, माझ्याच डब्यातली पोळी खात, तिने हे कधी केलं? मला भयंकर राग आला. एक वर्ष मी कुणासाठी झिजले? मला मूर्ख बनवलं होतं तिने — अजूनही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू?

मी फोटो पाठवला नाही. पत्र माझ्या सुटकेसच्या अस्तरात सरकवलं. रोज तिचा फोन यायचा. काही आलं का? रोज मी नाही म्हणायचे. शेवटची तारीख गेली त्या दिवशी मी जेवणही नीट जेवले.

मग आखनचा निकाल लागला. मला प्रवेश मिळाला, तिला नाही. तिने दक्षिणेत फोन केला, तेव्हा उत्तर आलं, पत्र केव्हाच पाठवलं होतं, जागा दुसऱ्याला गेली. तिने पोस्टाला शिव्या घातल्या. मीही घातल्या, तिच्याहून मोठ्या आवाजात.

व्हिसा संपत आला होता. तिला सांगलीला परत जावं लागलं. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. म्हणाली, "तुला न सांगता तिकडे अर्ज केला गं मी. तुझा विश्वासघात केला, म्हणूनच असं झालं. माफ करशील?"

मी तिचे डोळे पुसले. आणि तिला माफ केलं.