आधी तह वाचा

गावंडे सर लढाईचा धडा शेवटाकडून शिकवायचे. दारव्ह्याच्या शाळेत मी मराठीचा, ते इतिहासाचे. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं. "कारणाचं पान दाबून ठेवा. आंधी तह वाचा. कोनं काय नेलं थे पाहा, मंग लढाई कायले झाली थे सांगा."

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या तासाला एक मुलगी म्हणाली, "सर, इंग्रज तं पेशव्याले वाचवाले आलते."

"हो ना माय! वाचवत वाचवत कटकपावतर गेले. नागपूरकर भोसल्यापासून थे घेतलं, कलकत्ता-मद्रासचा रस्ता मोकळा केला. अन् वर्धा नदीच्या अलीकडचा हा आपला मुलूख दोस्तीखातर निजामाले देऊन टाकला. तुह्या खापरपणज्याले इचारलं होतं का कोनी?"

वर्ग हसला. सर हसले नसावेत.

पर्यवेक्षकाची जागा निघाली, तेव्हा ज्येष्ठतेत ते पहिले, मी दुसरा. मी संस्थेकडे अर्ज केला : सर पुस्तकाबाहेरचं शिकवतात, विद्यार्थ्यांच्या हितासाठी दखल घ्यावी. पालकांच्या सह्याही मीच फिरून आणल्या. सरांची बदली बाभुळगावकडच्या शाखेत झाली.

घरी ते आणि अंथरुणाला खिळलेली आई, दोघंच. मधल्या सुट्टीत सायकलीवर घरी जाऊन ते तिला भरवायचे. आता सकाळी निघाले की संध्याकाळीच परत. एकदा माझ्याकडे आले. "तू बोल ना अध्यक्षाशी. तुह्यं आयकतात. बुढी जास्त दिवसाची नाही राह्यली."

"बोलतो," म्हणालो. बोललो नाही.

म्हातारी एका दुपारी गेली, एकटीच. मी भेटायला गेलो. सरांनी स्वतः चहा ठेवला. "पानी मागतलं असंन तिनं," एवढंच म्हणाले. मग कप माझ्या हातात देत, "अर्ज पाह्यला मी. तुह्यं अक्षर वयखतो."

कारण त्यांनी विचारलं नाही. तोवर पर्यवेक्षक मी झालो होतो. तह त्यांना वाचता येत होता.

गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणून मीच बोललो. "सर स्वखुशीनं ग्रामीण शाखेत गेले," असं म्हणालो. लोकांनी माना हलवल्या.

तो अर्ज अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे असते.