मधल्या दारावरची टकटक

सकाळचे साडेसहा वाजले होते. गॅसवर चहाचं पाणी, ओट्यावर निथळत ठेवलेली मटकी, आणि आमचे हे अंगणात नळाची करंगळीएवढी धार पाहत नगरपालिकेला नावं ठेवत उभे. मी खलबत्ता पुढे ओढला आणि दारावर टकटक झाली. तीनदा. हलकी, अजिबात घाई नसलेली.

समोरचं दार उघडलं, कोणी नाही. परत आले तर पुन्हा तीनदा. मागचं दार उघडलं, तिथे पायपुसण्यावर मांजर. तिसऱ्यांदा झाली तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते, म्हणून कळलं. आवाज लोणच्याच्या कपाटामागून येत होता.

त्या कपाटामागे एक दार आहे. आमचं आणि शेजारचं घर मूळचं एकच. मालकाने त्याचे दोन भाग करून दोन भाडेकरू ठेवले आणि मधल्या दाराला दोन्हीकडून खिळे ठोकले. आम्ही पांढुर्ण्यात या घरात आलो त्याला पंधरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्या दाराला कोणाचा हात लागलेला मला माहीत नाही. पलीकडे सायलस आणि रिबका दुपारे, नवरा-बायको दोघंच. सायलसभाऊ रेल्वेत गेटमन. तिगावच्या बाजूच्या फाटकावर त्यांची ड्यूटी असते, आणि त्या दिवशी पहाटेच त्यांची सायकल गेलेली मी ऐकली होती. रिबका तर मला खिडकीतून दिसतच होती, दोरीवर चादर वाळत घालताना. म्हणजे पलीकडे कोणी नव्हतं.

"कोण आहे?" मी कपाटाला विचारलं.

काही नाही. पण ती शांतता रिकामी नव्हती. पलीकडे कोणीतरी उत्तराची वाट पाहत उभं असावं, तशी होती. हातांना सवय म्हणून मी आलं खलात टाकलं आणि ठेचायला लागले. खल लोखंडी आहे, सासूबाईंचा. त्याचा आवाज घरभर जातो. पाच-सहा ठोके झाले आणि मी थांबले. भिंतीपलीकडून अनवाणी पावलं दूर गेली. लहान पावलं.

मी खिडकीशी गेले. "रिबका, तुझ्या घरात कोण आहे?"

तिने तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला. चेहरा असा, की हसू की रडू हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "आली ताई. काल रात्री आणलं तिले. कोणालेच सांगितलं नाही अजून."

न सांगण्याचं कारण मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी दत्तक बाळ येणार म्हणून तिने सांगितलं होतं. पेढे वाटले, झबली शिवली, चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली, आणि मग कागदात काहीतरी अडलं आणि ते बाळ आलंच नाही. झबली अजून तिच्या ट्रंकेत आहेत.

रिबका लोधीखेड्याची. वय चव्वेचाळीस, लग्नाला एकोणीस वर्षं. शाळांचे गणवेश शिवते. दाताखाली टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं आपणच पुरं करायचं. संध्याकाळी साडेसातला दोघं चटईवर बसतात, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, अध्याय वाचतात, मग आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतात. मधल्या दारातून सगळं ऐकू येतं. गल्लीत कोणाला ताप आहे आणि कोणाचा जावई रुसलाय, हे मला पुष्कळदा त्यांच्या प्रार्थनेतूनच कळलेलं आहे. आमच्या लेकीची, अश्विनीची, परीक्षा होती तेव्हा तिचं नाव रोज यायचं. एकदा नाव आलं नाही, तर मीच दुसऱ्या दिवशी आठवण करून दिली.

मुलीचं नाव तृप्ती. साडेसहा वर्षांची. संस्थेत होतं तेच नाव या दोघांनी ठेवलं. दुपारी मी शेवयांची खीर घेऊन तिला बघायला गेले.

ती आतल्या खोलीत होती, आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या. खोलीचं दार भिंतीपर्यंत उघडं. ती त्या उघड्या दाराशी गेली, फळीवर तीनदा टकटक केली, आणि हात मागे बांधून, मान खाली घालून उभी राहिली. पुढ्यात मोकळी वाट, वाटेत तिची आई आणि खिरीची वाटी घेतलेली मी.

"ये न बाळा, उघडंच आहे," रिबका म्हणाली.

पोरगी हलली नाही. आवाज ऐकू आला नाही असं नव्हतं. पण तो आवाज आपल्यासाठी नाही, अशी काही तिची मान होती. रिबका पुन्हा म्हणाली, "ये." मग तिसऱ्यांदा म्हणाली. शेवटी पुढे होऊन तिचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. तो हात तिने सोडवलाही नाही आणि धरलाही नाही.

"जिथं होती तिथं लेकरं लय आणि बाया कमी," रिबकाने मला नंतर सांगितलं. "दारं बाहेरून लावत. उठली की आतून ठोकायचं, मग बाई येऊन कडी काढायची. चार वर्षं तेच पाहून राहिली ती."

त्याच आठवड्यात सायलसभाऊंनी घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. तरी टकटक राहिलीच. मग दारंच बिजागऱ्यांतून उतरवून मागच्या पडवीत रचली, मोरीचंसुद्धा. तिथे रिबकाने गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा पडदा शिवला. आंघोळीला गेले की भाऊ खणखणीत आवाजात भजन धरायचे. मी एकदा हसले तर म्हणाले, "वहिनी, आता आमच्या घरात गाणं म्हणजेच कडी."

दारं गेली, तर ती चौकटीवर ठोकायची. मी पाहिलंय ते. दार नसलेल्या चौकटीत मूल उभं आहे, लाकडावर तीन ठोके देतं आहे, आणि मोकळ्या जागेपुढे वाट पाहतं आहे. वर्षानुवर्षं ओळखीचं घर, पण त्या वेळी मला तिथे थांबवत नसे.

सकाळी मात्र ती आपली आपण बाहेर यायची. रिबका मला मोठ्या आशेने सांगे, "दिवसभर ठोकते, पण सकाळी नाही ताई. सकाळी येते न मोरीशी, ब्रश घेऊन." मी हो म्हणे. सकाळी ती माझ्या कपाटामागे ठोकते, हे मी रिबकाला सांगितलं नाही. आधीच तिचा जीव टांगणीला, त्यात आणखी कशाला, असं वाटलं. ती माझी चूक.

नाताळला त्यांनी आम्हाला बोलावलं. थंडी फार होती म्हणून चर्चचं मोठं दार लोटून बाहेरून कडी अडकवलेली. पाळकसाहेबांनी मूक प्रार्थना सांगितली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. इतकं शांत, की मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू आली. आणि टक, टक, टक.

डोळे उघडले तर तृप्ती दाराशी उभी. नवा लाल फ्रॉक, वेदीकडे पाठ, हात मागे बांधलेले. कधी उठली, कधी चालत गेली, शेजारी बसलेल्या रिबकालाही कळलं नव्हतं. "तृप्ती," तिने हळूच हाक मारली. "बाळा, इकडं." सगळं चर्च पाहत होतं. पोरीने मान वळवली नाही.

तेवढ्यात बाहेरून वॉचमन उत्तमने दार उघडायला लोखंडी कडी उचलली. खण्णकन आवाज झाला. "जी," पोरगी म्हणाली, स्पष्ट, आणि फटीतून उन्हात निघून गेली. मागे न पाहता.

जेवणाच्या वेळी करंज्यांच्या ताटाशी चर्चमधल्या कुसुमबाई कोणाला तरी सांगत होत्या, "कोंडत असतील घरी. नाहीतर लेकरू असं कायले करन? दिसते गरीब, पण कोणाच्या घरात काय चालते, आपल्याले काय माहीत." रिबकाने ते ऐकलं. हातातली करंजी तिने ताटात परत ठेवली.

जानेवारीत कोणीतरी दत्तक संस्थेत फोन केला. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होतेच. पण त्या फोनमुळे पाहणीच्या धनश्री मॅडम लवकर आल्या. बाई चांगल्या होत्या. घर पाहिलं, उतरवलेली दारं पाहिली, मग माझ्याकडे आल्या.

"आतून दार वाजतं का?"

मी खोटं बोलू शकले नाही. "हो. रोज सकाळी."

"मग कोण उघडतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

त्यांनी लिहून घेतलं. जाताना अंगणात रिबकाला म्हणाल्या, "मी वीस दिवसांनी पुन्हा येईन. मूल तुमच्या शब्दावर येतं-जातं का, ते मला पाहायचंय. नाहीतर मला वर वेगळं लिहावं लागेल." रिबका फक्त हो हो म्हणत राहिली. त्या संध्याकाळी मधल्या दारातून प्रार्थना आली नाही. नुसतं शिलाई मशीन चालू होतं.

दुसऱ्याच दिवशी मी अश्विनीकडे नागपूरला गेले. तिची प्रसूती जवळ आलेली, तपासण्या होत्या. पाच दिवस राहिले. सहाव्या दिवशी रात्री परतले आणि सकाळी अजून चूल-भांडं हाती घेतलं नव्हतं, तर समोरच्या दारावर थाप पडली. ही टकटक नव्हती, तळहात आपटत होता कोणीतरी.

रिबका. केस विंचरलेले नाहीत, पदराला टाचण्या तशाच. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"तुम्ही कुठं गेल्या होत्या ताई?"

"अश्विनीकडे. यांनी सांगितलं नाही का? काय झालं?"

"पाच दिवस पोरगी सकाळी खोलीतून निघाली नाही. त्या मधल्या दाराशी बसून राहते. ठोकते, थांबते, ठोकते. दुपारपर्यंत. सायलसने उचलून आणलं तर अंग लाकडासारखं केलं. मी तिच्या संस्थेतल्या हिंदीत म्हटलं, बेटा, आ जाओ, मम्मी बुला रही है. तर माझ्याकडे पाहून काय म्हणते माहीत आहे? म्हणते, आप नहीं. वो वाली आंटी." रिबकाने माझ्या कपाटाकडे बोट केलं. "कोण आंटी, ताई? त्या दाराच्या मागं कोण आहे?"

आणि त्याच वेळी कपाटामागून टक, टक, टक.

आम्ही दोघी ऐकत राहिलो. पोरीच्या बाजूने त्या दारामागे माझंच स्वयंपाकघर होतं, आणि त्यात मीच उभी होते. मग मला खल दिसला. रोज सकाळची माझी वेळ, लोखंडाचा आवाज, चर्चची कडी, सगळं एकदम एका ठिकाणी आलं.

"तू घरी जा," मी म्हणाले. "चौकटीत उभी राहा आणि नुसती बघ."

ती गेली. मी शंभरपर्यंत मोजलं, खलात आलं टाकलं आणि ठेचलं. पाच-सहा ठोके. पलीकडून ते ऐकू आलं: "जी." मग पावलं.

रिबका लगेच परत आली नाही. नंतर तिनेच सांगितलं की तृप्ती उठली, फ्रॉक झटकला, तिच्या अंगाला अंग घासून चौकटीतून बाहेर गेली आणि ब्रशवर पेस्ट घेतली. जणू चौकटीत कोणी उभंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी वेळ चुकवली नाही. साडेसहा, आणि दुपारी ती झोपून उठते तेव्हा चार. चहा नको असला तरी ठेचायची. मुलगी येत-जात होती, जेवत होती. मला वाटलं, मी उपकार करते आहे. पण कपाटाकडे पाठ करून बसायचं मात्र मी सोडलं. पलीकडे एक मूल माझ्या हाताला कोणीतरी समजून बसलं होतं. ती कोण, कशी दिसते, तिचा आवाज कसा, हे मला माहीत नव्हतं. आणि रोज दोनदा मी ती होत होते.

मॅडम यायला सात दिवस उरले होते तेव्हा रिबका चारच्या सुमाराला आली. डब्यात नानकटाई होती. ओट्यापाशी स्टूल ओढून बसली.

"मॅडम आल्यावर मी इकडून ठेचीन," मी म्हणाले. "त्यांना काय कळतंय."

"त्यांना नाही कळणार," ती म्हणाली. "मले कळते न."

मी नानकटाई ताटलीत काढली.

"एकोणीस वर्षं वाट पाहिली ताई. आता ती माझ्या घरात आहे, आणि येते तुमच्या घरच्या लोखंडावर. उद्या तुम्ही अश्विनीच्या बाळंतपणाले जाल. परवा हे घर सोडाल. मग?" तिने पदरातली एक टाचणी काढून पुन्हा तिथेच टोचली. "आणि ती जी कोणी आहे न दारामागं, ती मरत नाही अशानं. आपणच तिले रोज खाऊ घालून राहिलो."

तेवढ्यात टकटक झाली. तीनदा, हलकी, अजिबात घाई नसलेली.

माझा हात बत्त्याकडे गेला. रिबकाने तो मनगटाशी धरला. तिची बोटं सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली आहेत. पुन्हा टकटक. भिंतीपलीकडे कोणीतरी श्वास धरून उभं होतं, इकडे आम्ही दोघी. तिसऱ्यांदा टकटक झाली तेव्हा रिबका उठली.

"मी जाऊन बसते तिच्यापाशी. ओढणार नाही, उचलणार नाही. लागले तर दिवस लागतील. शांत झालं तर मग माझा आवाज ऐकू येईल तिले."

दाराशी जाऊन ती वळली.

"ताई, उद्यापासून आलं ठेचू नका."