गुरुजींचं पोर्तुगीज मानपत्र

हातातला चहा आधी संपवून घ्या, मग सुरुवात करते. मागे हा किस्सा ऐकताना एकांना ठसका लागला आणि सगळा चहा माझ्याच साडीवर आला.

मूर्खपणा माझा आहे, तेव्हा तो सविस्तर सांगायचा हक्कही माझाच. आणि बरं का, तो मी घाईगडबडीत केलेला नाही. सावकाश, विचार करून, चारी बाजूंनी तपासून केलेला आहे. घाईत असा मूर्खपणा जमत नाही हो, त्याला वेळ द्यावा लागतो!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही आचोळ्याला राहायचो आणि मी वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांमधल्या एका गावातल्या शाळेत क्लार्क होते. धाकट्या दिरानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्याकडे आणून ठेवला. घरात त्याचा उपयोग कुणाला? मला. कारण मला रोजनिशीचं वेड. कोण आलं, कोण गेलं, नळाला पाणी कधी आलं, कुणाच्या लग्नात जिलबी मऊ पडली होती, सगळं लिहून ठेवायची. मराठी टायपिंग शाळेत बसल्या बसल्या माझं मीच शिकले होते.

पण लिहायचं कशात? दिरानं एक भलामोठा प्रोग्राम टाकून दिला होता. तो उघडायला सांगितला की कॉम्प्युटर घरघरायला लागायचा आणि तेवढ्यात माझी कणीक मळून व्हायची. शिवाय तो कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेला, म्हणजे चोरीचाच. चोरीच्या वहीत रोजनिशी कशी लिहायची? कॉम्प्युटरबरोबर आलेली एक साधी पांढरी पाटी होती, ती मला आवडली. पण मजकूर जरा वाढल्यावर तिनं, फाइल फार मोठी आहे, म्हणून हात वर केले.

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बघ, कॉम्प्युटरलासुद्धा तुझं पाल्हाळ झेपेना."

मग मी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीड्या गोळा केल्या आणि मुलीसाठी स्थळं बघतात तसे एडिटर, म्हणजे नुसतं लिहायचे छोटे प्रोग्राम, बघायला लागले. अटी मोजक्याच: फुकट हवा, हलका हवा, साधा हवा. एक पाहिला, तो दिसायला देखणा, पण रोज सकाळी विचारायचा की पैसे कधी भरताय. दुसरा होता प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा. तो प्रत्येक ओळीला नंबर घालायचा, त्यामुळे आमच्या सासूबाईंच्या गुडघेदुखीलाही ओळ क्रमांक मिळाला. तिसऱ्याला इतकी बटणं की लिहायला जागाच उरेना. असे कितीतरी नाकारले. हे म्हणायचे, "एवढं बघून घेतलं असतंस तर माझ्याशी लग्न केलं नसतंस."

शेवटी एक सापडला. एवढासा! बटण दाबलं की समोर हजर. ना रंग, ना ठळक, ना तिरपं. सेटिंगमध्ये जाऊन एकदा माझा मराठी फॉन्ट लावून टाकला की पडद्यावर सगळं स्वच्छ मराठी. मी इतकी खूष झाले की शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्यावर व्याख्यानच दिलं. साध्या मजकुरासारखं दुसरं काही नाही, म्हटलं. वजन नाही, व्हायरस नाही, आणि जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतो म्हणजे उघडतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात घ्या. ते खरं होतं, दुर्दैवानं.

व्याख्यानाचा परिणाम असा झाला की इनास गुरुजी निवृत्त होणार असं ठरलं तेव्हा मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गुरुजी आमचे मुख्याध्यापक. अख्खी हयात त्याच गावात मराठी शिकवलेली. लाल शाईचं पेन शर्टाच्या खिशात कायमचं. सत्कार नको म्हणून अडून बसले होते. शेवटी डिमेलोबाईंनी गळ घातली, तेव्हा म्हणाले की हार नको, भेटी नकोत, चार ओळी मराठीत लिहून द्या, तेवढ्या पुरे. डिमेलोबाई म्हणजे आमच्या गणिताच्या बाई, सगळ्या कार्यक्रमांच्या मालक. त्यांनी मला बजावलं, "मालतीताई, माणूस आयुष्यात एकच गोष्ट मागतोय. ती नीट झाली पाहिजे."

आता सांगा, मी नीट करणार नाही तर कोण करणार?

महिनाभर लिहीत होते. एकेक शब्द बदलून पाहिला. इतक्या वेळा वाचलं की झोपेतसुद्धा म्हणू शकले असते. मग फ्लॉपीवर घेतलं आणि तुळिंजच्या बाजारात प्रवीणभाऊंच्या डीटीपीच्या दुकानात गेले. प्रवीणभाऊ नेमके गावी लग्नाला गेलेले आणि गल्ल्यावर त्यांचे मेहुणे बसलेले. मेहुण्यांना कॉम्प्युटर यायचा, पण व्हिजिटिंग कार्डापुरता. त्यांनी विचारलं, प्रूफ कधी बघायला येता? मी म्हटलं, प्रूफ कशाला? मी सगळं तपासलेलं आहे. तुम्ही फक्त एक करायचं, यातलं एकही अक्षर बदलायचं नाही. आहे तसं मोठं करून, छान महिरप लावून छापायचं. वसईच्या इनास गुरुजींचं मानपत्र आहे, चांगला कागद वापरा.

मेहुणे भला माणूस. त्यांना शंका आली होती हो! त्यांनी घरी फोन केला. मी भाजीला गेले होते, फोन ह्यांनी घेतला. मेहुण्यांनी विचारलं, मॅडमनी जे दिलंय ते तसंच छापायचं ना? ह्यांनी सांगितलं, "तसंच छापा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तुमची आणि माझी दोघांची धडगत नाही."

झालं. मानपत्र छापून शेजारच्या फ्रेमवाल्याकडे गेलं, तिथून चमचमत्या कागदात गुंडाळून, फीत बांधून, सत्काराच्या दिवशी डिमेलोबाईंच्या रिक्षातून सभागृहात आलं. मला एकदा उघडून बघायचं होतं, पण बाई म्हणाल्या, "राहू दे ताई, फीत परत अशी बसायची नाही."

सभागृह भरलेलं. जुने विद्यार्थी बायकामुलांसकट आलेले. पहिल्या रांगेत गुरुजींची थोरली बहीण, कातरीन मावशी, ठेवणीतलं लुगडं नेसून. व्यासपीठावर मध्ये गावच्या चर्चचे फादर, त्यांच्या शेजारी गुरुजी, अवघडून बसलेले. शाल झाली, श्रीफळ झालं. मग डिमेलोबाईंनी जाहीर केलं की आता मालतीताई मानपत्राचं वाचन करतील. मी उठले, फीत सोडली, कागद काढला आणि फ्रेम समोर धरली.

आत एक अक्षर मराठी नव्हतं.

सुंदर महिरप. वरच्या कोपऱ्यांत कबुतरं, ती मेहुण्यांनी आपणहून घातलेली. आणि मधे इंग्रजी वळणाची अक्षरं. साधी नाहीत, एकाच्या डोक्यावर नागमोडी टोपी, दुसऱ्याच्या खाली शेपूट, तिसऱ्याला दोन टिंबं. मधूनच उलटं प्रश्नचिन्ह, मधूनच पाव आणि अर्धा असे अपूर्णांक.

काय झालं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. त्या काळातला मराठी फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा. कॉम्प्युटरच्या पोटात ती असली टोपीवालीच अक्षरं, वर मराठी चेहरा चढवलेला. मोठा प्रोग्राम कुठला फॉन्ट लावलाय ते फाइलमध्ये लिहून ठेवतो. साधा मजकूर काहीच लिहून ठेवत नाही, म्हणून तर तो हलका! माझा मुखवटा माझ्या एडिटरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे आचोळ्याला घरीच राहिला. तुळिंजला नुसतं पोट पोचलं.

पण तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फ्रेम धरून उभी. डोळे मिटून उघडले, पदरानं पुसले, तरी तेच. फादरना वाटलं मला गहिवरून आलं. ते मदतीला वाकले, चष्मा सारखा केला, बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हे लॅटिन नाही," ते म्हणाले, तेही माइकसमोर. "लॅटिन मला येतं. हे पोर्तुगीज असणार!"

सभागृहात लाट आली. पोर्तुगीज! गुरुजींच्या मानासाठी मालतीताईंनी आपल्या गावच्या जुन्या पोर्तुगीज काळाची आठवण ठेवली! टाळ्या सुरू झाल्या. मी तोंड उघडलं, पण टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

कुणीतरी म्हणालं, कातरीन मावशींना दाखवा, त्यांच्या आजीला पोर्तुगीज प्रार्थना यायच्या. फ्रेम खाली गेली. मला वाटलं, सुटले, आता मावशीच सांगतील की हे काहीच नाही. मावशींनी फ्रेम मांडीवर घेतली. एकेका ओळीवरून बोट फिरवलं. अपूर्णांकावर जरा थांबल्या. मग मान डोलावून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. ते मला नीट कळलं नाही, डिमेलोबाईंनी माइकवरून मराठीत सांगितलं: "मावशी म्हणतात, फार जुनं पोर्तुगीज आहे. आताच्या माणसांना नाही समजायचं."

पुन्हा टाळ्या.

एवढ्यात माझं लक्ष गुरुजींकडे गेलं. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते खाली बघत बसले होते. चार ओळी मराठीत मागितल्या होत्या त्या माणसानं. तेवढ्याच मागितल्या होत्या. आणि मी त्यांच्या हातात काय दिलं? अर्धा, पाव, आणि उलटं प्रश्नचिन्ह.

मी माइक ओढून घेतला. म्हटलं, "आता याचं मराठी भाषांतर सांगते."

आणि म्हणायला लागले. कागद कशाला हवा होता? महिनाभर तेच घोकत होते. पाणी भरलेल्या वर्षी गुरुजी तुंबलेल्या रस्त्यातून पहिलीची पोरं कडेवर घेऊन शाळेत आणत होते, ते. वाडीत खपणाऱ्या बापांना संध्याकाळी ओट्यावर बसवून सही करायला शिकवलं, ते. लाल शाईनं चूक दाखवायची, पण पोरांदेखत कधी कुणाला चुकलास म्हणायचं नाही, ते. मी संपवलं तेव्हा मागच्या रांगेतला एक आडदांड टेम्पोवाला शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

गुरुजी उत्तराला उठले. खिशातलं लाल पेन सारखं केलं. मग म्हणाले, "मूळ मला कळलं नाही. पण भाषांतर मूळच्याइतकंच चांगलं असणार, याची मला खात्री आहे." आणि माझ्याकडे बघून किंचित हसले.

कळलं की काय यांना?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. प्रवीणभाऊ सकाळीच गावाहून परतले होते, त्यांनी फॉन्टचं सगळं समजावलं होतं आणि मेहुण्यांना माझ्यादेखत झापलंही होतं. फ्रेम गुरुजींच्या दिवाणखान्यात लागलेली. मी सगळं कबूल केलं. म्हटलं, नवीन छापून आणते, ही काढून टाका.

गुरुजींनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या मुलाची मस्कतहून मराठीत ई-मेल येते, तीही त्यांच्या पुतण्याच्या कॉम्प्युटरवर अशीच टोपीशेपटीची दिसते. फ्रेम उघडली त्या क्षणीच त्यांनी ओळखलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"फादर बोलून बसले होते. आमची थोरली ताई बोलून बसली होती. त्यांना सगळ्यांदेखत चुकलात म्हणू?" मग फ्रेमकडे बघत म्हणाले, "आणि मालतीबाई, आजवर हातात आलेला प्रत्येक मराठी कागद मी तपासला. हा पहिलाच असा आहे की मला त्यात एकही चूक काढता येत नाही. राहू दे तिथेच. तुमचं मराठी मी ऐकलंय. आणि कुणाला सांगू नका, आमच्या ताईला वाईट वाटेल."

गुरुजींचा शब्द! मावशी होत्या तोवर मी गप्प बसले. पण गावाला कोण गप्प बसवणार? लोक मला रस्त्यात थांबवून विचारायला लागले. एका वाडीवाल्यानं पोर्तुगीज काळातलं म्हणून वाळवी लागलेलं कागदांचं एक पुडकं वाचायला आणून दिलं. त्याला मी म्हटलं, सध्या डोळ्यांचं जरा बघायचंय. आमचे हे तर मला पोर्तुगीज मडमेसारखं फोनवर "सिन्योरा आहेत, देतो" म्हणून बोलवायला लागले.

एवढ्यावर निभावलं असतं हो. पण दोन वर्षांनी डिमेलोबाई निवृत्त व्हायच्या झाल्या.

मी आपणहून म्हटलं, बाई, तुमचं मानपत्र मी लिहीन, अगदी मनापासून. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "ताई, एकच मागणं आहे. गुरुजींना पोर्तुगीज दिलंत. मला साधं मराठी देऊन बोळवण करू नका हं."

आता याला काय म्हणणार? गुरुजींना शब्द दिलेला. कातरीन मावशी अजून धडधाकट आणि पहिल्या रांगेत. मी मुकाट्यानं एडिटर उघडला, महिनाभर मराठीत लिहिलं, पुन्हा सगळं तपासलं आणि फ्लॉपी घेऊन तुळिंजला गेले. या खेपेला प्रवीणभाऊ स्वतः बसलेले. मागच्या प्रकाराची त्यांना इतकी शरम वाटली होती की त्यांनी मुद्दाम खटपट करून माझा तो फॉन्ट मिळवून आपल्या कॉम्प्युटरवर घालून ठेवला होता. फ्लॉपी घातली आणि पडद्यावर माझं मानपत्र उमटलं. स्वच्छ, ठसठशीत, कानामात्रेसह मराठी.

प्रवीणभाऊंनी अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. "बघा मॅडम. आहे का एक तरी अक्षर इकडचं तिकडे?"

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "फार सुंदर झालंय, भाऊ. आता तो फॉन्ट काढा."