ऊन गाळणारं धोतर

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून रद्दीत निघालेलं एक इंग्रजी पुस्तक मी गेल्या उन्हाळ्यात घरी आणलं. अमेरिकेतल्या एका जुन्या मूकपट कंपनीचा तो इतिहास होता. मी इंग्रजीची शिक्षिका, असली अनाथ पुस्तकं मला सोडवत नाहीत. पण हे आणलं होतं ते अप्पांसाठी. त्यात फोटो भरपूर होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांनी जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. खाली घर, वर स्टुडिओ. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता, आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा एवढंच म्हणाले, "तवर जे बघायचं ते बघून घेऊ की." मला खरी धास्ती होती ती डोळे गेल्यावर हा माणूस आतून विझेल याची.

रोज दुपारची जेवणं झाली की मी त्यांच्या कॉटवर बसून इंग्रजी मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. चार माणसांनी शहरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ती कंपनी काढली होती. तेव्हाचे दिवे कमजोर, म्हणून सगळं चित्रीकरण उन्हात. हिवाळ्यात ऊन मिळेना, तेव्हा बाडबिस्तरा गुंडाळून मंडळी पार पश्चिमेच्या टोकाला गेली.

"हितं यायचं हुतं की," अप्पा म्हणाले. "सोलापुरात ऊन लई."

त्या दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

तिसऱ्या दिवशी एक मोठा फोटो आला. मोकळ्या मैदानात लाकडी चौथरा, त्यावर थाटलेला दिवाणखाना, आणि छताच्या जागी तारांवर ताणलेलं पांढरं कापड. अप्पांनी पुस्तक डाव्या डोळ्याशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि हसायलाच लागले. "अगं, धोतर बांधलंय!"

हे धोतर समजायला आमचा वरचा स्टुडिओ माहीत हवा. त्याच्या छताचा एक उतार काचेचा आहे, आणि काचेखाली अप्पांनी माझ्या जन्माच्याही आधीपासून एक जुनं धोतर दोऱ्यांनी ताणून बांधलेलं आहे. कडक ऊन चेहऱ्यावर थेट पडलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे येतात, म्हणून ते गाळून घ्यायचं, चहा गाळल्यागत. गल्लीनं या धोतराची भरपूर टिंगल केली, आईनं तर सर्वांत जास्त. आणि आता सुटाबुटातल्या अमेरिकन लोकांनी तेच केलेलं निघालं. दूधवाला आणि इस्त्रीवाल्या काकू यांनाही मला तो फोटो दाखवावा लागला.

तेव्हापासून कंपनी आमच्या घरची झाली. घरातला प्रसंग असला तरी वाऱ्यानं टेबलावरचं कापड उडायचं, ते सिनेमात तसंच राहायचं. ढग आला की नट-नट्या, राजे-चोर सगळे पत्ते खेळत बसायचे. मी सकाळच्या शाळेतून आले की चप्पल काढायच्या आत अप्पा विचारायचे, "आज ऊन पडलं का त्यांना?" हे वाक्य ऐकायला मी रिक्षा करून घरी यायचे.

मग एक दिवस मी स्टाफरूममध्ये पुढची पानं चाळली आणि नको ते वाचून बसले. विजेचे दांडगे दिवे आले, चौथऱ्याला भिंती आल्या, भिंतींना काळा रंग आला, कापड उतरवलं गेलं. थोड्या वर्षांत कंपनी बुडाली. सिनेमांची रिळं गोदामात पडून राहिली. काही जळाली, उरलेली फिल्मच्या लेपात असते त्या चांदीसाठी वितळवली. हे अप्पांना वाचून दाखवायचं माझ्या जिवावर आलं.

म्हणून मी मनचं सांगायला लागले. कंपनी भरभराटीला आली, नायिकेचं लग्न ठरलं, मालकानं बंगला बांधला. वर्गात पोरांच्या थापा मी दारातच पकडते, आणि इथं चार दिवस बिनदिक्कत ठोकत होते. मधूनमधून मागचाच एखादा फोटो त्यांच्यापुढं धरायचे. अप्पा पान डोळ्याशी नेऊन म्हणायचे, "हं. झकास."

पाचव्या दिवशी त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "साकु." घरातलं हे कन्नड 'पुरे' ते रागावले तरच वापरतात. "कंपनी बुडाली न्हवं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चार दिवस झाले, तुझ्या गोष्टीत ऊनच न्हाय. आधी रोज आभाळाचं कायतरी असायचं. ढग, वारा. आता लग्न काय, बंगला काय. उजेड कुटनं येतोय त्याचा पत्ता न्हाय. असा फोटू येत नसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरा शेवट मी एक शब्द न गाळता वाचला. चांदीच्या वाक्यापाशी अप्पा म्हणाले, "काढणाऱ्याला ठाऊक असतंय, त्यात चांदीपेक्षा जास्त काय हाय ते." मग म्हणाले, "आता माझं ऐक. तू दाखवलेले फोटू मला दिसलेले न्हाईत. सोमवारपासनं डाव्या डोळ्यात निस्ता उजेड-अंधार हाय. तुला वाईट वाटंल म्हणून झकास म्हणत हुतो."

एकच फोटो मी दोनदा दाखवला होता आणि ते दोन्हीदा झकास म्हणाले होते. आपलं खोटं रचण्यात मी इतकी गुंतले होते की मला काही कळलं नाही. मी रडायला लागले.

"रडू नको, फोटू हलतो," अप्पा म्हणाले. "डॉक्टरकडं सकाळी जाऊ. आता वर चल."

जिना ते कठड्याला धरून माझ्याआधी चढले. वर धोतर पिवळं पडून मध्ये लोंबत होतं. मला त्यांनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, जवळ आले आणि तळहात माझ्या एका गालावर ठेवला, मग दुसऱ्या. ऊन कुठल्या गालाला जास्त लागतंय ते पाहत होते. स्टूल जरा फिरवलं, धोतराची एक दोरी चाचपून ओढली, पुन्हा तळहात लावला.

"हनुवटी खाली. हां. आज बरं पडलंय."

कॅमेरा त्यांनी केव्हाच देऊन टाकला होता. तो जिथं असायचा तिथं मोजून पावलं टाकत ते जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे तोंड केलं.

"हलू नको."

मी हलले नाही.