एक जूनला जन्मलेली गिऱ्हाइकं

लग्न होऊन मी सिल्वासात आले तेव्हा सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानाला वीस वर्षं होऊन गेली होती. ते मूळचे धुळ्याकडचे. कंपनीत नोकरीला म्हणून इथे आले, कंपनी बंद पडली, मग वापीच्या एका दुकानात काचा घासायला शिकले आणि परत येऊन स्वतःचं दुकान टाकलं. घरात त्यांना सगळे बाबा म्हणतात. माझा डोळे तपासायचा डिप्लोमा झालेला होता आणि नवऱ्याला कंपनी सोडायची नव्हती. त्यामुळे दुकानात बाबा आणि मी, अशी वाटणी न बोलताच ठरून गेली.

दुकानात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे कार्डांचं कपाट. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड, त्यावर डोळ्यांचे नंबर आणि मागच्या बाजूला बाबांचे शेरे. ‘उजव्या कानामागे चामखीळ, काडी सैल ठेवणे.’ ‘चष्मा लावूनच झोपतो.’ ‘पाटी पाठ केली आहे, उलटीकडून वाचायला सांगणे.’ खणांवर गावांची नावं होती. अथाल, खानवेल, सुरंगी, आमली असे बारा खण. आडनावांवरून लावली तर निम्मं कपाट तीन आडनावांतच भरेल, असं बाबा सांगायचे आणि ते खरंच होतं.

एकदा बाबा भाच्याच्या लग्नाला गावी गेले आणि मी एकटी दुकानात होते. सकाळी एक क्रेनचालक धापा टाकत आला. त्याच्या चष्म्याचा पार चुरा झाला होता आणि चष्म्याशिवाय त्याला क्रेनवर चढू देत नव्हते. “वहिनी, माझा नंबर आहे तुमच्याकडे, तेवढी काच बसवून द्या,” तो म्हणाला. तो राहायला अथालला, म्हणून मी अथालचा खण काढला. नाही. पूर्वी आमलीला होता म्हणाला, म्हणून आमलीचा काढला. तिथेही नाही. अर्ध्या तासात काउंटरवर कार्डांचा ढीग झाला. शेवटी मी त्याला आत बसवून नव्यानेच डोळे तपासायला घेतले आणि तेवढ्यात बाबांचा फोन लागला. मागे बँड वाजत होता.

“बाबा, क्रेनवाल्यांचं कार्ड कुठे आहे?”

“कोण? तो उंच?”

“हो.”

“अगं, तो पहिल्यांदा सासऱ्याबरोबर आला होता. खानवेलच्या खणात सासऱ्याचं कार्ड बघ, त्याला रबर लावून जावई ठेवलाय.”

जावई खरोखर तिथेच निघाला. क्रेनवाला इतका हसला की त्याला पाटीवरची अक्षरं वाचता येईनात. मी मात्र त्या दिवशी ठरवलं, की हे कपाट बाबांच्या डोक्यातून बाहेर काढायचं.

बाबा लग्नाहून आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानात कॉम्प्युटर आला. बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि घरच्या बोलीत विचारलं, “हाई काय शे?” काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना नाराजी नोंदवायची होती. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही कार्ड वाचा, मी टाइप करते. तुमचं एक अक्षर गाळणार नाही.”

दुपारी एक ते चार आमच्याकडे कुणी फिरकत नाही. त्या वेळेत आम्ही बसायचो. बाबा नंबर वाचायचे, मग कार्ड उलटवून शेरा वाचायचे, मग शेऱ्यामागची गोष्ट सांगायचे. एका दुपारी नऊच कार्डं झाली, कारण त्यातलं एक सुरंगीच्या भगताचं निघालं. त्याने तीन वेळा चष्मा परत आणला होता, कारण चष्म्यातून त्याला देवाची मूर्ती लहान दिसायची.

भांडणही झालं. शेऱ्याच्या चौकटीत पन्नासच अक्षरं मावत होती. “बायको सोबत आली तरच फ्रेम दाखवणे, नाहीतर दुसऱ्या दिवशी बदलायला...” इथे कॉम्प्युटर थांबला. बाबाही थांबले. “एवढं पण मावत नाही? मग माझं पुठ्ठ्याचं कार्ड काय वाईट?” दोन दिवस त्यांनी कार्डांना हात लावला नाही. शेवटी प्रोग्राम बसवून देणाऱ्या माणसाला बोलावून मी चौकट मोठी करून घेतली. बाबांनी तिथेच एक लांबलचक शेरा सांगून ती तपासून घेतली.

दुसरी अडचण जन्मतारखेची. ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. कार्डांवर जन्मतारखा कुठून असणार? ज्यांचे फोन लागले त्यांना विचारलं. बाकीच्यांच्या वयाचा बाबांनी अंदाज सांगितला आणि मी तारीख टाकली एक जून. माझे वडील शाळामास्तर. दाखला नसलेल्या पोरांना शाळेत घालताना ते हेच करायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साडेचार महिन्यांनी शेवटचं कार्ड संपलं आणि त्या संध्याकाळी मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं, आता कुठलंही नाव विचार.

एक जूनला सकाळी आम्ही चहा घेत होतो. बाबांचा फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला.

“कुणीतरी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्यात.”

“कुणी?”

बाबांनी पुन्हा वाचलं. “आपल्याच दुकानाने!”

बाबांचीही शाळेतली तारीख एक जूनच होती. मी फोन हातात घेतला. वर गुजरातीत, खाली मराठीत लिहिलं होतं: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आज दुकानात या आणि चष्मा मोफत साफ करून घ्या. प्रोग्राममध्ये ही सोय होती आणि ती आपोआप चालू राहिली होती. एक जून टाकलेल्या सगळ्यांनाच हा मेसेज गेला असणार, हे लक्षात आलं आणि चहा तसाच ठेवून मी चपला घातल्या.

दुकान उघडायला गेलो तर पायरीवर सहा जण बसले होते. अकरापर्यंत रांग शेजारच्या फरसाणवाल्याच्या ओट्यापर्यंत गेली. कुणी रागावलेलं नव्हतं, हेच नवल. एक रिक्षावाले म्हणाले, “वाढदिवस माझा दिवाळीच्या सुमाराला आहे, पण बोलावलंत म्हणून आलो.” एक नवरा-बायको आले, दोघांना एकाच दिवशी शुभेच्छा गेलेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं की बाबा मला कोपराने ढोसायचे. त्यांनी फरसाणवाल्याकडून गरम जिलेबी मागवली आणि काउंटरवर ताट मांडून बसले. येईल त्याचा चष्मा मी पुसायची, स्क्रू आवळायची आणि बाबा त्याच्या हातावर जिलेबी ठेवायचे.

दुपारी सुरंगीहून एक म्हातारी आली, सुनेचा हात धरून. दोन वर्षांपूर्वी तिने आमच्याकडून चष्मा नेला होता आणि आम्ही नोंदवलेला नंबर सुनेच्या मोबाइलचा होता. सून म्हणाली, “मी मेसेज वाचून दाखवला, तर लुगडं बदलून तयारच झाली. म्हणे, त्यांनी सांगितलंय तर जायला पाहिजे.”

म्हातारी स्टुलावर टेकली आणि सरळ मला विचारलं, “तू सांगला ना, आज मी जन्मली? मग सांग, किती वर्साची झाली?”

कॉम्प्युटरमध्ये मी बाबांच्या अंदाजाने तिचं वय पासष्ट धरलं होतं. बाबा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “आजी, फिरंगी गेले ते आठवतं?”

“आठवते ना. तवा माझा भाऊस कडेवर होता माझे. सगली पलाली, मी पण पलाली, भाऊसला घेऊन.”

“भावाला कडेवर घेऊन पळायचं म्हणजे सात-आठ वर्षांच्या असाल.” पोर्तुगीज इथून गेले चोपन्न साली; तिथून बाबांनी बोटांवर हिशोब केला. “आजी, तुम्ही ऐंशीच्या घरात आहात. माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या.” असं म्हणून ते उठले आणि भर दुकानात तिच्या पाया पडले. रांगेतले लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हातारीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. “मला कुनी असा सांगलाच नाय कवा,” एवढंच म्हणाली आणि दुसरी जिलेबी मागून घेतली.

चष्मा पुसून द्यायला मी तिच्या जवळ गेले तेव्हा खिडकीच्या उजेडात तिच्या डाव्या बुबुळात पांढुरकं दिसलं. तिला आत नेलं. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून खुणेचं तोंड कुठल्या दिशेला ते बोटाने दाखवायचं, त्या पाटीवर तपासलं. डाव्या डोळ्याने तिला सगळ्यात मोठी खूणही दिसत नव्हती. “किती दिवस असं आहे?” मी विचारलं. “म्हातारपन आहे,” ती म्हणाली. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. उजवाही त्याच वाटेवर होता. मी सुनेला चिठ्ठी लिहून दिली, सरकारी दवाखान्यात कुठल्या वारी, कुठल्या खोलीत जायचं ते समजावलं आणि बाबांनी त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

सकाळी मी निरोप ठेवला होता, त्या प्रोग्रामवाल्याचा संध्याकाळी फोन आला. ती सोय बंद कशी करायची ते तो सांगायला लागला. बाबांनी हातानेच नको नको म्हटलं.

पावसाळा सरता सरता म्हातारी पुन्हा आली, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन, हिरवी पट्टी निघालेली. या वेळी सुनेचा हात धरला नव्हता. दारातच उभी राहून तिने दुकान न्याहाळलं, फ्रेमांची रांग, भिंतीवरचा आरसा, बाबांची टोपी. मग काउंटरजवळ येऊन माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

“काय झालं, आजी?”

“तू?” ती म्हणाली. “मला वाटलं पोरगी आहे. तुझा तर केस पिकला!”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. फरसाणवाला काय झालं म्हणून बघायला आला, तर म्हातारीने त्यालाही माझ्या कानाजवळची बट बोट लावून दाखवली. मी तिचा नवा नंबर काढला, तिला निळी फ्रेम हवी होती ती दिली, आणि त्या रविवारी मेंदी भिजवायला घेतली.