वन्संच्या कागदासाठी वेळणेश्वरी गाऱ्हाणं

देवाला जायला मला कारण लागत नाही, पण या वेळी होतं. शैलावन्संना घरात बसवेना. सकाळपासून फोन उचलायच्या, ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. शेवटी मीच म्हटलं, "उठा वन्सं, हेदवी-वेळणेश्वर करून येऊ. इथे बसून काय ते लवकर थोडंच कळणार आहे?"

शैलावन्सं म्हणजे माझी नणंद. रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकल्या, परीक्षा देऊन दिल्लीला सरकारी नोकरीत लागल्या आणि जन्म काढला शस्त्रनियंत्रणाच्या खात्यात. घातक वस्तू नको त्या हातात जाऊ नयेत म्हणून देशोदेशींच्या लोकांशी बोलणी करायची, करारांचे मसुदे लिहायचे. मी मॅट्रिक. मला आपलं इतकंच कळायचं की त्या जिनिव्हाला जातात आणि परत येताना थकून येतात. आमच्या ह्यांना तर तेवढंही पटायचं नाही. "नुसत्या मीटिंगा! बागेत एक कलम लावलं असतंस तर आंबे तरी खाल्ले असते," असं बहिणीला दर गणपतीत ऐकवायचे.

दहाएक वर्षं ज्या मसुद्यावर वन्संनी काम केलं, त्याचा निकाल त्या दिवशी जिनिव्हात लागायचा होता. तिथे मतदान नसतं. एका जरी देशाने हरकत घेतली की सगळं संपलं. मागच्या खेपेला एकाच देशाने शेवटच्या घटकेला हात वर केला होता. आता वन्सं निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्या खुर्चीत बसली होती त्यांनीच तयार केलेली नंदिता.

रत्नागिरी स्टँडवरून जयगडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आम्ही दोघी मिळून ह्यांच्या एकट्याच्या तिकिटात गेलो. "पासष्ट पूर्ण होईस्तोवर मी घरीच बसतो," हे पुटपुटले. जयगडहून फेरीबोट घ्यावी. खाडी ओलांडली की तवसाळ, रस्त्याने फिरून जायचा मोठा वळसा वाचतो. बोटीत गाडीही चढते. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून पलीकडे दिवसभराची रिक्षा ठरवली. भाडं बसायच्या आधी बोलून घ्या. फेरीच्या वेळा बदलतात, त्याही जाताना धक्क्यावर विचारून ठेवा.

हेदवीचा दशभुज गणपती टेकडीवर आहे. पांढरी शुभ्र मूर्ती, बघितली की बोलायचं विसरतं माणूस. मी आपली अथर्वशीर्ष म्हणत होते. वन्सं मात्र एकेक हात निरखत होत्या.

"वहिनी, बघितलंत? चक्र, त्रिशूळ, गदा, धनुष्य. जे आहे ते सगळं समोर धरलंय, लपवलेलं काही नाही. आणि बाजूच्याच हातात भाताची लोंबी. अशा पक्षाशी बोलणी करायला किती सोपं!"

"देवाशीही तुझी बोलणीच का गं?" हे म्हणाले.

"नाहीतर तू काय करतोस, दादा? मोहोर टिकू दे, पाच नारळ देतो. ती बोलणीच की!"

देवळात हसू नये, पण मी हसले.

खाली एका घरगुती खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. पोटभर आणि खिशाला परवडणारं. वन्संनी अर्ध्या भाकरीवरच हात धुतले. फोनला रेंज नव्हती.

तिथून वेळणेश्वर जवळच. समुद्राला लागून शंकराचं देऊळ आहे. उन्हाचं पाय भाजतात, म्हणून शक्यतो सकाळी जा. म्हातारे गुरव गाभाऱ्याजवळ होते. त्यांना म्हटलं, "काका, आमच्या माहेरवाशिणीसाठी गाऱ्हाणं घाला." गाऱ्हाणं म्हणजे आपलं मागणं गुरवाने मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होय म्हणायचं. पुण्याचं एक कुटुंब दर्शनाला आलं होतं, तेही हात जोडून उभं राहिलं.

"बा देवा वेळणेश्वरा, म्हाराजा! ही तुजी लेक आज तुज्या पायाशी आलेली हाय!"

"होय म्हाराजा!"

"तिचा कागद परदेशात अडकलेला हाय. जो कोण आडवा येत असेल, त्याचं तोंड बंद कर—"

"थांबा काका," वन्सं म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. गाऱ्हाणं मधे तोडतात का कोणी?

"तोंड बंद नको. ज्याला शंका असेल त्याची शंका फिटू दे, असं म्हणा. तोंड बंद केलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आडवा येतो."

गुरवकाकांनी जोडलेले हात खाली घेतले. "बाय, एवढी वर्षं गाऱ्हाणी घालतोय. त्यात दुरुस्ती सांगणारी तूच पहिली. आता मुळापासून घालायला लागेल."

पुन्हा सुरुवात. शंका फिटू दे, कागद तडीस जाऊ दे. सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" काका ह्यांच्याकडे वळले. "तुमचं होय नाही ऐकू आलं."

"कशाला होय म्हणायचं ते मला ठाऊक नको?" हे म्हणाले. "काय गं, आहे तरी काय त्या कागदात?"

इतक्या वर्षांत ह्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. वन्सं पायरीवरच बसल्या.

"दादा, तू बागेत औषध फवारतोस. तसल्या औषधाला काही रसायनं लागतात, आणि त्यांतूनच माणसं मारायचा वायूही करता येतो. ती कोणी कोणाला विकली, हे सगळ्या देशांनी एकमेकांना सांगायचं. एवढाच कागद."

"म्हणजे मला डबाभर औषधाला दिल्लीची परवानगी?"

"तुला कोण विचारतंय? जो जहाजभर मागवतो आणि ज्याच्याकडे एक कलमसुद्धा नाही, त्याला विचारायचं."

ह्यांनी मान खाजवली. फवारणीच्या दिवसांत गड्यांच्या तोंडाला हे स्वतः फडकी बांधतात. त्या औषधाची भीती ह्यांना सांगावी लागत नाही.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" म्हणाले, आणि देवाकडे वळून इतक्या जोरात "होय म्हाराजा!" ओरडले की पुण्याचं लहान पोर दचकलं.

तवसाळच्या धक्क्यावर आलो तेव्हा ऊन कललं होतं. रेंज आली आणि वन्संचा फोन वाजला. नंदिता होती. वन्संनी ऐकलं, "कोणीच नाही? एकानेही नाही?" असं दोनदा विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला.  पलीकडून ती पोरगी हिंदीत रडत-हसत सांगत होती. मागच्या वेळचा तोच देश उठला होता. पण हरकत घ्यायला नाही, आमच्या शंकांचं निरसन झालं, हे सांगायला. मसुदा मंजूर!

मी धक्क्यावरच समुद्राला हात जोडले. वन्सं रडत होत्या, आणि हे बोटीच्या तिकीटवाल्याला सांगत होते, "माझी बहीण हां ही! सख्खी!"

घरी आलो. सहल खिशाला झेपणारी आहे, एका दिवसात नीट होते, जरूर करा. मला त्यातलं काय उरलं म्हणाल, तर घरच्या ओटीवरची संध्याकाळ. शेजारचे आबा आले होते.

"शैला बॉम्बच्या खात्यात होती ना रे?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही आबा, बसा, सांगतो," हे म्हणाले आणि फवारणीपासून सुरू झाले. आबांना पटेना, ते उलट विचारू लागले. वन्सं आत खानावळीतून बांधून आणलेल्या मोदकाचा दुसरा घास घेत ऐकत होत्या. आबांना पटल्याशिवाय हे उठणार नव्हते. मी चहाच्या आधणात आणखी दोन कप पाणी वाढवलं.