गडाखाली ‘देवीचं उच्चाटन’

वणीच्या गडाचा रस्ता कुणी विचारला की मला आधी गड आठवत नाही, पायथ्याचं एक गाव आठवतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या कॉलेजातल्या जोशी सरांनी विज्ञान गावोगावी न्यायचं मनावर घेतलं आणि तक्ते धरायला मला बरोबर घेतलं. मला अनायासे गड बघायला मिळणार होता, म्हणून मी लगेच हो म्हणाले.

सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी. दिंडोरीपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी. वणीला उतरून भजी खाल्ली, ती मात्र आजही खावीत अशी. सर वाटभर भाषण पाठ करत होते. जरा सोपं करा म्हटलं, तर म्हणाले, शास्त्राला नेमकेच शब्द लागतात.

पायथ्याच्या त्या गावी पोचलो, तर शाळेच्या ओट्यासमोर गाव जमलं. सरांनी घसा साफ करून पहिलंच वाक्य टाकलं, “आपल्या देशातून देवीचं समूळ उच्चाटन झालेलं आहे.”

त्यांच्या पाठीशी सप्तशृंगीचा डोंगर.

“मास्तर, आई तर गडावर हाय,” एक म्हातारबा शांतपणे म्हणाले. “तिला कोन काढतंय?” आणि उठले. त्यांच्यामागून बाकीचेही धोतरं झटकायला लागले. सर ‘रोग, देवीचा रोग’ म्हणत राहिले, पण तोंडातून शब्द गेला तो गेला. आता आसपासच्या गावांतही आम्हाला कुणी उभं करणार नाही, हे मला दिसायला लागलं. फार वाईट वाटलं.

पुढे बसलेली एक आजी तेवढी हलली नाही. तोंडभर वण, एक डोळा गेलेला, मांडीवर तान्हा नातू.

“माझी दोन पोरं देवीत गेली,” ती म्हणाली. “ह्यो ऱ्हाईल ना?”

उठलेली माणसं थांबली. सर एरवी ‘सध्याच्या माहितीनुसार’ म्हटल्याशिवाय पाऊससुद्धा पडू देत नसत. ते ओट्यावरून उतरून तिच्यासमोर बसले.

“बाकीचं मला सांगता यायचं नाही, आजी. पण याला देवी येणार नाहीत.”

‘येणार नाहीत.’ गाव म्हणतं तसं, आदरानं. म्हातारबा परत येऊन बसले. मग तक्ते धरून माझे हात भरून आले, इतके प्रश्न निघाले. रात्री पिठलं आणि नागलीची भाकरी मिळाली, सकाळी गडही झाला.

परतीच्या एसटीत सर अस्वस्थ होते. इतकं छातीठोक बोलायला नको होतं, असं नाशिक येईपर्यंत म्हणत होते.

माझ्या दंडावर देवी काढल्याचे, म्हणजे देवीच्या लशीचे, गोल वण आहेत. पुढे माझी मुलगी थोडी मोठी झाल्यावर एकदा त्यांवर बोट ठेवून तिनं विचारलं, मला असे का नाहीत.

“तुला देवी येणार नाहीत म्हणून,” मी म्हटलं.